तोतयाने प्रपंच कसा करावा

एकट्या पुरुषाने आपल्यासारख्या दिसणाऱ्याच्या भरल्या घरात शिरायचे ठरवले, की तो आधी आरशापुढे उभा राहतो. तिथे फार वेळ घालवू नये. चेहरेपट्टी जुळली तर उत्तम, पण ती दुय्यम बाब आहे. दक्षिण फ्रान्समधल्या आर्तिगा गावचा मार्तां गेर 1548 मध्ये बापाचे धान्य चोरल्याचा आळ आल्यावर बायको आणि तान्हे पोर टाकून परागंदा झाला. 1556 मध्ये आर्नो द्यु तिल त्याच्या नावाने गावात आला. मार्तांचे घराणे बास्क, आणि याला बास्क भाषा बोलता येईना. मार्तांचा जोडा 12 मापाचा, याचा 9 मापाचा, असे गावच्या चांभाराने पुढे कोर्टात सांगितले. तरीही चार बहिणी, चुलता आणि बायको बेर्त्रांद, सगळ्यांनी त्याला घरात घेतले. जिथे वाट पाहणे चालू असते, तिथे पाऊल तीन मापांनी आखडले तरी खपते. म्हणून आधी तसे घर हेरावे.

बायको कशी फसेल, हा आक्षेप नेहमीचा. पण ती फसलीच पाहिजे असे कुठे आहे? नवरा मेल्याचा पुरावा नाही, म्हणून दुसरे लग्न नाही. ना सवाष्ण ना विधवा अशी आठ वर्षे काढलेल्या बाईला, पेटीत ठेवून गेलेले आपले पांढरे पायमोजे आठवणीने मागणारा माणूस दारात दिसला, तर ती किती उलटतपासणी घेईल? तिला सगळे ठाऊक होते असे इतिहासकार नॅटली झेमन डेव्हिस मानतात, काहींना ते पटत नाही. तोतयाला दोन्ही मते सोयीची. आता आधार आहे, बोटांचे ठसे आहेत, हे खरे. पण ते बँकेत लागतात, माजघरात नव्हे.

घात होतो तो हिशेबात. तीन वर्षे संसार झाला, मुलीही झाल्या. मग आर्नोने मधल्या काळातल्या इस्टेटीचा हिशेब चुलत्याकडे मागितला, आणि तोवर गळ्यात पडणाऱ्या चुलत्याला हा पुतण्या नव्हेच असा साक्षात्कार झाला. आपल्याकडे सदाशिवरावभाऊंच्या तोतयाने तर थेट पेशवाईच्या कारभारालाच हात घातला. 1776 मध्ये त्याला देहदंड मिळाला. एकटेपणावर उपाय म्हणून आलेल्याने जेवावे, राबावे आणि सातबारा पाहू नये.

मूळ धनी परतला तर? यावर तोड नाही. तुलूझच्या वरिष्ठ न्यायालयात न्यायाधीश जां द कोरास आर्नोच्या बाजूला झुकले असतानाच खरा मार्तां लाकडी पाय ठोकत हजर झाला. घरातल्या जुन्या गोष्टी आर्नोलाच जास्त पक्क्या येत होत्या, आणि यात नवल नाही: तोतयाने अभ्यास केलेला असतो, खऱ्याला विसरण्याची मुभा असते. पण बहिणींनी लंगड्यालाच मिठी मारली. बेर्त्रांद रडत माफी मागत असताना मार्तांने दोष तिच्याच माथी मारला, आणि कोरासांनी समजावूनही तो हलला नाही. सप्टेंबर 1560 मध्ये आर्नोला त्याच घरासमोर फासावर चढवले. तिच्याशी कठोरपणे वागू नकोस, असे त्याने मरण्यापूर्वी मार्तांला विनवले. तोवर सोंग उतरलेले होते, तेव्हा ही विनवणी या मार्गदर्शनाच्या कक्षेत येत नाही.