पंडित नेमका कुणाचा?

“मुंबई हरली याचं मला काही नाही ताई. हरवलं कुणी ते बघा!”

शेजारच्या नानांनी पंचा झटकून कुंपणाच्या तारेवर टाकला तो इतक्या जोरात, की अर्धा माझ्या कढीपत्त्यावर आला. रविवारी, 26 जून 2022 ला, बंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानावर मध्य प्रदेशानं मुंबईला सहा गडी राखून हरवलं आणि पहिल्यांदाच रणजी करंडक जिंकला. तेव्हापासून नानांचं असंच चाललंय. काकू म्हणाल्या, “घरात सुतक आहे, पण कुणाचं ते काही सांगत नाहीत.”

नानांची पंचाईत मला कळते. जन्म इथला, बुऱ्हाणपूरचा, नोकरी नेपानगरला, पेन्शन इथल्या बँकेत, पण आजोळ दादरचं. क्रिकेटपुरते ते अजून आजोळीच राहतात. लोक जावयाचा पगार सांगतात तशी ते मुंबईची तोवरची 41 रणजी विजेतेपदं सांगतात. त्यात यंदा उपांत्यपूर्व सामन्यात मुंबईनं उत्तराखंडला 725 धावांनी लोळवलं होतं, प्रथम श्रेणी क्रिकेटमधला जागतिक विक्रमच. त्या दिवशी नानांनी गावातल्या शनवाऱ्यावरून मावा जिलबी आणून चार घरी वाटली होती. फायनलनंतर कुणी वाटायची म्हणून मीच आणली, तर डबा तसाच परत आला.

“अहो, यांचा कोच, हा चंद्रकांत पंडित कुठला? मुंबईचा! मुंबईकडून खेळला, मुंबईचा कोच होऊन 2003, 2004 आणि 2016 असे तीन करंडक दिले. आणि आता यांना शिकवतो आम्हाला कसं हरवायचं ते?”

“यांना म्हणजे कुणाला? तुमचं रेशन कार्ड कुठलं आहे?” काकूंनी आतून विचारलं.

नाना गप्प. मग मीच पंडितांची बाजू घेतली. हा माणूस मध्य प्रदेशाला काही आजच भेटलेला नाही. 1999 साली याच चिन्नास्वामीवर मध्य प्रदेशाची कर्नाटकाशी फायनल होती आणि कप्तान पंडितच होते. पहिल्या डावात 75 धावांची आघाडी होती. सामना अनिर्णित राहिला असता तरी त्या आघाडीवर करंडक आपला होता. शेवटच्या डावात 247 हवे होते, सगळे 150 मध्ये बाद. विजय भारद्वाजनं 24 धावांत सहा जण घेतले. हातातोंडाशी आलेला घास 96 धावांनी गेला. तेवीस वर्षं ते मनात धरून राहायचं, आणि मग त्याच मैदानावर पोरांनी खांद्यावर उचलून घ्यायचं म्हणजे काय! टीव्हीवर त्यांचे डोळे भरलेले दिसले तेव्हा नानांनी चॅनल बदललं होतं, हे काकूंनी मला आधीच सांगून ठेवलंय.

“तो भाग वेगळा,” नाना म्हणाले. पण आवाज उतरला होता.

खरं तर सामना मुंबईनं तिसऱ्याच दिवशी सोडला, असं माझं मत. पहिल्या डावात 374, त्यात सरफराज खानच्या 134. वाईट नाहीत. पण मग यश दुबे खेळायला आला आणि जाईचना. 336 चेंडू खेळून 133 धावा! नाना खुर्चीत डुलकी काढून उठायचे, चष्मा लावायचे, पुन्हा दुबेच. त्याच्या जोडीला शुभम शर्मा 116. मग रजत पाटीदारच्या 122. आमच्या गल्लीतल्या पॉवरलूमवर काम करणारा एक पोरगा चहाला जाता-येता खिडकीतून ओरडायचा, “नानाजी, कितने हुए?” पहिल्या दिवशी नानांनी उत्तर दिलं. तिसऱ्या दिवशी खिडकीच लावून घेतली. 536 झाले तेव्हा त्यानं बाहेरूनच ओरडून सांगितलं.

काकूंना आघाडीचं गणित पटत नाही. “162 जास्त झाले तर जिंकलेच की, पुढं कशाला खेळायचं?” मी म्हटलं, काकू, उरलेल्या वेळात मुंबईला घाई असते. लवकर धावा कर, मग समोरच्याला बाद कर. घाईत दुसरा डाव 269 वर आटोपला, कुमार कार्तिकेयनं चार घेतले, आणि मध्य प्रदेशाला 108 पुरले.

“हा कार्तिकेय तर आयपीएलला मुंबईकडूनच होता!” नाना पुन्हा पेटले. “मे महिन्यात आमचा, जूनमध्ये आमच्यावरच!”

“त्याचं काय सांगता, तो पोरगा नऊ वर्षं घरी गेला नाही म्हणे,” काकू हात पुसत बाहेरच आल्या. ही बातमी त्यांची खास. “काहीतरी करून दाखवल्याशिवाय तोंड दाखवणार नाही म्हणाला. टायरच्या कारखान्यात मजुरी करून खेळायला जायचा. आईनं काय करायचं हो तोवर? फोनवर तोंड बघायचं?” धावांचा हिशेब काकूंना नकोच असतो, त्यांना माणसं लागतात. पाटीदारचंही त्यांना सगळं ठाऊक. आयपीएलच्या लिलावात त्याला कुणी घेतलं नाही म्हणून घरच्यांनी मे महिन्यात लग्न ठरवलं, इंदूरला हॉटेल घेतलं, आणि तेवढ्यात बंगळुरूवाल्यांचा निरोप आला. लग्न पुढं ढकललं, पोरगा गेला आणि एलिमिनेटरमध्ये 112 नाबाद ठोकून आला. त्याच्या वडिलांनीच हे पेपरवाल्यांना सांगितलं. “मुलीकडच्यांचा समजूतदारपणा बघा,” काकू म्हणाल्या, “आपल्याकडे आत्याबाईंनीच रान उठवलं असतं.”

एवढ्यात समोरचे गुरुजी पिशवी घेऊन निघाले होते, ते थांबले. गुरुजी थांबले की गप्पा इंदूरच्या होळकरांच्या संघापर्यंत जाणार हे ठरलेलं.

“पहिल्यांदा कसला जिंकला? होळकरांनी चार वेळा नेलाय करंडक. सी. के. नायडू, मुश्ताक अली. 1948 ला तर मुंबईलाच हरवून.”

“आणि 1945?” नाना एकदम ताठ. “ब्रेबॉर्नवर मुंबईनं किती धावांनी हरवलं तुमच्या होळकरांना? तीनशे चौऱ्याहत्तर!”

हा आकडा ऐकून मी चमकले. यंदाचा मुंबईचा पहिला डावही 374 चाच. नानांच्या ते लक्षात आलं नव्हतं आणि मीही बोलले नाही, जखमेवर मीठ कशाला. त्या जुन्या सामन्यात विजय मर्चंटनं 278 केल्या होत्या. होळकरांकडून डेनिस कॉम्प्टन, इंग्लंडचा तो मोठा फलंदाज, युद्धामुळे महूच्या छावणीत होता म्हणून खेळला. 867 करायच्या होत्या. त्यानं एकट्यानं 249 नाबाद केल्या. गुरुजी सांगतात, कुणा शेठजींनी त्याला शंभराच्या पुढच्या प्रत्येक धावेमागे पैसे कबूल केले होते. सामना संपल्यावर पाहतो तर शेठजी ‘तातडीच्या कामासाठी’ कलकत्त्याला! कॉम्प्टन हा किस्सा हसत सांगायचा म्हणे.

“पण गुरुजी, आपलं बुऱ्हाणपूर होळकरांचं होतंच कुठं?” नानांनी बरोबर खिंडीत गाठलं. “शिंद्यांचं, मग इंग्रजांचं. आणि 1956 पर्यंत आपली राजधानी कोणती?”

“नागपूर,” गुरुजी म्हणाले. नाइलाजानं.

“मग आपण विदर्भाचे! आणि विदर्भाला 2018 आणि 2019 ला करंडक कुणी मिळवून दिला? पंडितांनी! त्यातला पहिला तर इंदूरच्या मैदानावर!”

नानांच्या लक्षात यायला क्षणभर लागला की आपण आता पंडितांच्या बाजूनं बोलतोय. पण गाडी उताराला लागली होती. ते बोटं मोजू लागले: मुंबईचे 41, होळकरांचे चार, विदर्भाचे दोन, हा एक. “अठ्ठेचाळीस! सगळे आपलेच.”

“आणि त्यात त्या पंडितांचे किती?” काकूंनी विचारलं.

“तीन, दोन, एक... सहा.”

“मग त्यांना शिव्या कशाला देता? ताई, तो जिलबीचा डबा आहे का हो अजून?”

जिलबी होती, पण अर्धीच. बाकीची मी पॉवरलूमवरच्या पोराला देऊन टाकली होती. ते ऐकून नाना म्हणाले, “त्याला? तीन दिवस माझं डोकं खाल्लं त्यानं!”