बेणं फुकट, काटा त्यांचा

२००१ साली मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे मुख्य साहेब स्टीव्ह बाल्मर यांनी खुल्या कोडच्या लिनक्सला कॅन्सर म्हटलं होतं. साथ काही आटोक्यात येईना, तेव्हा २०१८ मध्ये कंपनीने साडेसात अब्ज डॉलर मोजून खुल्या कोडचं कोठार असलेलं गिटहब घेतलं. म्हणजे रोग हटेना म्हणून हॉस्पिटलच विकत घेतलं! ऑक्टोबर २०२२ मध्ये तर शेतीसाठीचा फार्मव्हाइब्स हा आपलाच कोड कंपनीने सगळ्यांना खुला केला. घ्या, वापरा, बदला.

त्याच घराण्याचं तंत्रज्ञान बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या उसात शिरलं. खाली सेन्सर, वर उपग्रह. २०२५ च्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नाडेलांनी हा ऊस जगाला दाखवला आणि इलॉन मस्कनेही री ओढली. आडसाली उसाचं एवढं कौतुक कारखान्याच्या वार्षिक सभेतसुद्धा होत नाही.

इंदापूरच्या आबांनी विचारलं, "कोड फुकट, मग मोबाइलवरचा सल्लाबी फुकट का रं?"

म्हटलं, "आबा, कोड फुकट. पण माती-पाण्याचे आकडे त्यांच्या क्लाउडवर जातात. तिथं मीटर पडतं."

"मंजी बेणं फुकट, पण काटा त्यांचा."

पुण्याच्या आयटीवाल्यांना हे कळायला दोन दिवसांचं शिबिर लागतं, तेही जेवणासह.

'फोर्क'चंही तसंच. ऑगस्ट २०२३ मध्ये हॅशिकॉर्प कंपनीने आपल्या टेराफॉर्म या सॉफ्टवेअरचा खुला परवाना बदलला, स्पर्धकांना बांध घातला. नाराजांनी जुना कोड उचलून ओपनटोफू नावाची वेगळी चूल मांडली. हाच फोर्क. बारामती-इंदापूरला यात नवल ते काय? त्याच्या आदल्याच महिन्यात इथला अख्खा पक्ष फोर्क झाला होता. भाषणं तीच, कार्यकर्ते तेच. भांडण नावाचं आणि घड्याळाचं. टेराफॉर्म हे नाव मात्र निवडणूक आयोगाला न विचारताच कंपनीकडे राहिलं. पुढे आयबीएमने ६.४ अब्ज डॉलरला हॅशिकॉर्पच घेतली.

"अन् ज्यांनी सतरंज्या उचलल्या?" आबा मुद्द्यावर आले. "कोड लिव्हणारी पोरं?"

"त्यातली कितीतरी बिनपगारी, आबा. गिटहबवर त्यांच्या नावापुढे हिरवे चौकोन उमटतात. काम केलं त्या दिवसाचा एक."

आबा बराच वेळ सुपारी कातरत राहिले.

"आमचा कारखाना दिवाळीला सभासदाला साखर तरी देतो."