अकराचे दोन तृतीयांश

दहावीची परीक्षा जवळ आली की गोव्यातल्या लाटंबार्सेत रोज संध्याकाळी कुठल्या ना कुठल्या सोप्यावर पाचाहून अधिक जणांचा जमाव जमतो. हत्यारे कंपासपेटीत असतात. मधोमध वही, वहीत एक टॉवर आणि दहा मीटर उंच घराच्या गच्चीवरून त्या टॉवरकडे टक लावून बसलेला एक बिनकामाचा माणूस. त्याला टॉवरचा शेंडा 60 अंशांवर वर दिसतो, बुडखा 45 अंशांवर खाली. तर टॉवर किती उंच? आमच्या बाजूला टॉवर याच कामासाठी उभारतात, असा मुलांचा समज आहे. टॉवरचा रेंजशीही काही संबंध असतो हे कुणी सांगितले तरी त्यांना पटत नाही.

या जमावात एक मुलगी असते. वर्गात पहिला येणारा इथे नसतो. तो दार लावून बसलेला असतो, नाहीतर डिचोलीला ट्यूशनला गेलेला असतो. ही आपली साठ-पासष्ट टक्केवाली. ‘साइन कित्याक घेता रे? हायपोटेनस खंय दिला तुका? टॅन घे मरे!’ असे म्हणून ती गच्चीपासून टॉवरपर्यंत पेन्सिलीने एक आडवी रेघ मारते. टॉवरचे दोन तुकडे होतात. खालचा घराइतकाच, 10 मीटर. 45 अंशांमुळे मधले अंतरही 10च. म्हणून वरचा तुकडा 10 गुणिले रूट तीन, म्हणजे 17.32. बेरीज 27.32. चौथीपर्यंत मराठीत पाढे घोकून पाचवीपासून एकदम इंग्रजी गणितात ढकललेल्या पोराच्या डोक्यात जे वर्षभर शिरले नव्हते, ते दोन मिनिटांत शिरते. सांगणारीला ते कालच कळलेले असते ना! मास्तरांना कळून तीस वर्षे झालेली असतात. मुळात न कळणे म्हणजे काय, हे ते बिचारे विसरलेले असतात.

‘टॅन घे’ हेच वाक्य तिने परीक्षा केंद्रावर पुढच्या बाकाकडे वाकून उच्चारले, तर तो गैरप्रकार. आम्ही या नियमाच्या बाजूचे आहोत. ज्याचा पेपर त्याने लिहावा. एकमेकांना विचारून गणित सोडवण्याची मुभा गोव्यात फक्त पर्वरीला आहे, आणि तीही शिक्षण मंडळाच्या इमारतीत नव्हे, विधानसभेच्या.

तिथले जुने पेपर काढून पाहा. 2017. सभागृह 40 जणांचे, एका पक्षाकडे 17, दुसऱ्याकडे 13. सरकार कुणाचे? सोप्यावरचे कुठलेही साधेभोळे पोर 17 लिहील आणि नापास होईल. 13 वाल्यांनी शेजारच्या बाकांवर चौकशी केली, तीन इथून घेतले, तीन तिथून घेतले, उरलेले अपक्षांच्या वहीतून उतरवले आणि घंटा होण्याआधी पेपर देऊन टाकला. 17 वाले तोवर उत्तरपत्रिकेवर नाव कुणाचे घालायचे यावर चर्चा करत होते.

पुढचा पेपर जुलै 2019 चा. पक्षाच्या 15 आमदारांचे दोन तृतीयांश, 10. नि:शेष भाग जातो, उदाहरण सोपे. सप्टेंबर 2022 चे मात्र खरे कसोटीचे: 11 चे दोन तृतीयांश 7.33. इथे हुशार विद्यार्थीही अडतो, कारण 0.33 आमदार फोडता येत नाही. आठ जणांनी एकत्र बसून ठरवले की वरचा पूर्णांक घ्यायचा. उत्तर बरोबर, पूर्ण गुण, पायऱ्या तपासायची गरज नाही. हा अभ्यासक्रम राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीत 1985 साली आला. आधी फूट म्हणून एक तृतीयांश पुरत, म्हणजे पोरांना पास व्हायला साधारण लागतात तेवढेच. 2003 मध्ये ती सवलत गेली आणि विलीनीकरणाला दोन तृतीयांश तेवढे उरले. पातळी वाढली, पण विद्यार्थी डगमगले नाहीत. एकट्याने केले तर अपात्र, गटाने केले तर मान्य. आमच्या मुलांचा नियम याच्या नेमका उलटा. मोठेपणी सगळे ओळीने सरळ होते, एवढाच त्यांना धीर द्यायचा.

मनात आले की शिक्षण मंडळालाही मदत करता येते, हे कबूल केले पाहिजे. 2020 च्या मे महिन्यात टाळेबंदीत दहावीची परीक्षा झाली. गोव्यात शिकणारी पण सीमेपलीकडे सिंधुदुर्गात राहणारी मुले नाक्यावर अडली असती, म्हणून त्यांच्यासाठी पलीकडेच केंद्रे उघडली. मुलाने सीमा ओलांडायची नाही, प्रश्नपत्रिकेने ओलांडायची. नंतर 2021 मध्ये परीक्षाच रद्द झाली आणि निकाल लागला 99.72 टक्के. 2025 च्या मुलांनी खरोखर पेपर लिहिले, तर 95.35 वर थांबावे लागले. परीक्षा घेतल्याने निकालाचे नुकसान होते, हे याहून स्पष्ट कुणी मांडायचे?

त्या 2025 च्या मुलांवर तर दुहेरी आपत्ती. नवे वर्ष एप्रिलमध्ये सुरू करायचे म्हणून परीक्षा मार्चमध्ये ओढली आणि 13 मार्चला होळी आली. शेजारच्या साळ गावात गडेउत्सव. डोंगरावरच्या मशाली किती अंशांच्या कोनात दिसतात हे मोजण्यासाठी काही अभ्यासू मुले रात्रभर तिथे थांबली नसतील, असे आम्ही शपथेवर सांगू शकत नाही.

लाटंबार्से ओलांडले की दोडामार्ग. मामेबहीण तिकडे, आतेभाऊ इकडे. तिकडे महाराष्ट्राचे शिक्षण मंडळ, गणिताचे दोन पेपर, बीजगणित आणि भूमिती, 40-40 गुणांचे, वर कॉपीमुक्त अभियान. 2025 मध्ये कोकण विभागाचा निकाल 98.82 टक्के, राज्यात पहिला. मामेबहीण ‘उन्नत कोन’ म्हणते, आतेभाऊ ‘अँगल ऑफ एलिव्हेशन’ म्हणतो आणि सुट्टीत दोघे एकाच टॉवरवर भांडतात. टॉवर दोन्हीकडे 27.32.

आता निकालानंतरचे. पहिला आलेल्याचा सत्कार पंचायत करते, देवस्थान समिती करते, युवक मंडळ करते, सोसायटी करते, आणि निवडणूक जवळ असली तर इच्छुक उमेदवार घरी येऊन करतात. तेवढ्या शाली गोव्याच्या हवेत पांघरायच्या कधी, हे विचारू नये. प्रत्येक भाषणात ‘स्वबळावर’ हा शब्द येतो, आणि तो उच्चारणाऱ्यांपैकी स्वबळावर निवडून आलेला शोधायला भिंग लागते. ज्या मुलीने निम्म्या वर्गाला टॅन शिकवून काठावरून अलीकडे ओढले, ती खुर्च्यांच्या शेवटच्या रांगेत टाळ्या वाजवत असते. स्वतःला तिला गणितात बासष्ट. तिच्या घरच्यांचे म्हणणे, दुसऱ्यांना शिकवत बसली नसती तर सत्तर पडले असते. शिकवत बसली नसती तर बासष्टही पडले नसते, असे आमचे मत. पण आम्हाला विचारतो कोण!

आयोजकांना एक विनंती. यंदा पास झालेल्या प्रत्येकाला व्यासपीठावरून एकच प्रश्न विचारा: टॉवरचे उदाहरण तुला कुणी समजावले? सर्वांत जास्त वेळा जिचे नाव येईल, तिला पुढे बोलवा आणि सत्कार करा. शाल कमी पडली तर प्रमुख पाहुण्यांच्या खांद्यावरची काढून घ्या.