गोल पिनेचा विजय

१४ ऑक्टोबर २०२५ हा मुहूर्त मायक्रोसॉफ्टने पंचांग बघून काढला असावा. त्या दिवशी विंडोज १० च्या हाती नारळ दिला गेला. दहा वर्षं सेवा झाली, यापुढे सुरक्षेची नेहमीची फुकट डागडुजी बंद, ज्यांना सुखानं नांदायचं आहे त्यांनी विंडोज ११ मध्ये यावं. दिवस महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारचा, म्हणजे अपडेटच्या वारीचा. त्यामुळे जे आधीच ११ मध्ये नांदत होते त्यांना त्याच रात्री केबी५०६६८३५ नावाचा प्रसाद मिळाला. तो घेतल्यावर रोजचं काम नेहमीसारखं चालू राहिलं. फक्त बिघडलेला संगणक दुरुस्त करण्यासाठी विंडोजमध्ये जी वेगळी खोली असते, तिथे यूएसबीचा कीबोर्ड आणि माऊस चालेनासे झाले.

या खोलीला रिकव्हरी एन्व्हायर्नमेंट म्हणतात. तिथे जायची वाटही मजेशीर आहे. एरवी अपडेट चालू असताना पडद्यावर दटावलेलं असतं की संगणक बंद करू नका. इथे मात्र संगणक सुरू होऊ लागला की बटण दाबून त्याला मुद्दाम पाडायचं, पुन्हा उठला की पुन्हा पाडायचं. असा लागोपाठ नापास झाला की तो स्वतःच खोलीचं दार उघडतो. आत सगळी औषधं फळीवर मांडलेली असतात: सेफ मोड, सिस्टिम रिस्टोअर, नुकताच आलेला अपडेट काढून टाकायची सोय आणि काहीच लागू पडलं नाही तर सगळं पुसून नव्यानं संसार. त्या ऑक्टोबरात फळीही होती, औषधंही होती, पण रोग्याचे हात मागे बांधलेले होते.

अशा वेळी मराठी घरात भाच्याला फोन जातो. मामा सांगलीत, भाचा हिंजवडीत.

“मामा, ट्रबलशूट लिहिलंय ना, त्यावर क्लिक करा.”

“बाण हलत नाही रे.”

“मग कीबोर्डवरचे बाण दाबा.”

“तेही मेलेत.”

“माऊसची वायर काढून दुसरीकडे खुपसा.”

“खुपसली. आता तुझी मामी विचारतेय, कालपर्यंत चालत होता, तुम्ही काय केलंत?”

या प्रश्नाला घरोघरी एकच उत्तर दिलं जातं, “मी काहीच केलं नाही.” त्यावर भाचे कधी विश्वास ठेवत नाहीत, आणि बहुतेक वेळा त्यांचंच बरोबर असतं. या खेपेला मात्र मामा अक्षरशः निर्दोष होते.

कंपनीनं चूक मान्य केली आणि दुरुस्ती येईपर्यंत वापरायचे उपायही जाहीर केले. पहिला, स्पर्शाचा पडदा असेल तर बोटानं काम करा. मामांच्या पडद्याला बोट लावलं तर मामी ओरडतात, डाग पडतात म्हणून. दुसरा, दुरुस्तीचा यूएसबी ड्राइव्ह आधीच करून ठेवला असेल तर त्यावरून संगणक सुरू करा. असा ड्राइव्ह आधीच करून ठेवणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही, आणि असलाच तर त्याचा संगणक बिघडत नसणार. तिसरा उपाय मला मनापासून आवडला: पीएस/२ पद्धतीचा कीबोर्ड आणि माऊस जोडा.

तरुण वाचकांसाठी सांगायला हवं. पीएस/२ म्हणजे ती गोल पीन. आयबीएमनं १९८७ साली आणली. पुढे कीबोर्डची जांभळी, माऊसची हिरवी असे रंग ठरले. अंधारात टेबलाखाली ओणवं होऊन ती घालताना आतल्या नाजूक काड्या वाकत, आणि मग सुईनं सरळ कराव्या लागत. आजच्या लॅपटॉपला ती खाचच नसते. पण ज्या आजोबांनी “असू दे, कधीतरी लागेल” म्हणत पिवळा पडलेला कीबोर्ड माळ्यावर ठेवला आणि त्यापायी भंगारवाल्यासमोर सुनेशी वाद घातला, त्यांची बाजू जगातल्या एका बलाढ्य कंपनीनं लेखी उचलून धरली. त्या सुनांचं काय झालं असेल, याचा विचार करवत नाही.

दुरुस्तीचा अपडेट आला २० ऑक्टोबरला. आपल्याकडे त्या दिवशी नरकचतुर्दशी होती, तेव्हा असुर मारायला मुहूर्त चुकला असं कुणी म्हणू नये. हा अपडेट मिळायचा विंडोज अपडेटमधूनच. म्हणजे ज्यांचा संगणक सुरू होत होता आणि ज्यांना त्या खोलीत जायची गरजच नव्हती, त्यांना तो बिनबोभाट मिळाला. जे खोलीत अडकले होते, त्यांनी संगणक सुरू करून तो उतरवून घ्यायचा होता.

कोट्यवधी यंत्रं आहेत, प्रत्येकाचे सुटे भाग वेगळे, तेव्हा एखादा अपडेट चुकणारच. माझी तक्रार चुकण्याबद्दल नाही. चुकल्यावर बाहेर पडायची वाट दर वेळी नेमक्या मोडलेल्या जिन्यावरूनच का जाते, एवढंच विचारायचं आहे.

जानेवारी २०२४ घ्या. तेव्हाचा अपडेट खुद्द या दुरुस्तीच्या खोलीतलीच सुरक्षेची फट बुजवायला आला होता. अनेकांच्या डिस्कवर त्या खोलीसाठी राखलेली जागा अपुरी निघाली आणि अपडेट अडला. पडद्यावर आकडा आला 0x80070643, म्हणजे नुसतंच ‘बसवता आलं नाही’. जागा कमी पडतेय हे सांगायला हवं होतं, पण चूक सांगणाऱ्या यंत्रणेतही चूक होती. कंपनीचा सल्ला असा की काळ्या खिडकीत डिस्कपार्टच्या आज्ञा टंकून त्या भागाला २५० एमबी वाढवून द्या. कुणासाठी? तर घरी बसून वीजबिल भरणाऱ्या माणसासाठी. पुढे विंडोज १० वाल्यांना कळवण्यात आलं की हे आपोआप दुरुस्त होणार नाही. सरकारी कचेरीतसुद्धा निदान ‘उद्या या’ म्हणतात.

त्याआधी ऑक्टोबर २०१८ चा अपडेट काही लोकांचे फोटो आणि कागदपत्रंच पुसून गेला. ज्यांनी आपले फोल्डर दुसऱ्या जागी वळवले होते, त्यांच्या जुन्या जागेवरचे फोल्डर अपडेटनं रिकामे समजून साफ केले. प्रत्यक्षात काहींमध्ये फायली होत्या. चाचणी करणाऱ्या हौशी मंडळींनी असल्या तक्रारी आधी केल्याही होत्या. पण तक्रारपेटीत मतं देण्याची पद्धत, आणि या तक्रारींचं तिथे डिपॉझिट जप्त झालं. नंतर तक्रार किती गंभीर आहे हे नोंदवायची सोय झाली. कंपनीच्या म्हणण्यानुसार तक्रारींचं प्रमाण दहा हजारांत एक होतं. मुलीच्या लग्नाचे फोटो गेलेल्या माणसाला हा हिशेब सांगून बघा.

आणि बिटलॉकर. डिस्कला कुलूप लागतं, नव्या विंडोज ११ वर तर बऱ्याचदा मालकाला न विचारता. जुलै २०२४ च्या अपडेटनंतर काही संगणकांनी सकाळी उठल्या उठल्या या कुलपाची किल्ली मागितली: ४८ आकडे, सहा-सहांचे आठ गट. किल्ली बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सुखरूप असते. खातं उघडायला पासवर्ड लागतो. पासवर्ड ‘पासवर्ड’ नावाच्या फाइलमध्ये असतो, आणि ती फाइल त्याच संगणकाच्या डेस्कटॉपवर.

म्हणून हे ४८ आकडे आजच कागदावर उतरवा आणि रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा. अपडेट घेऊच नका असं मी म्हणणार नाही, ते चोराला निमंत्रण. पण सेटिंग्जमध्ये अपडेट पाच आठवड्यांपर्यंत थांबवून ठेवायची सोय आहे. तेवढ्यात तो समोरच्या फ्लॅटमध्ये होऊन जाऊ द्यावा. तिकडून आरडाओरडा आला नाही की आपण घ्यावा. अडचण एवढीच की समोरचेही हेच सदर वाचतात आणि आपल्याच दाराला कान लावून बसलेले असतात. मुदत संपल्यावर पुन्हा थांबवू म्हटलं, तर आधी साचलेले सगळे अपडेट घ्यावे लागतात.