आजोबांच्या वाट्याची एक सिगारेट

पुण्याच्या मांजरी गावाला वाणाचं महत्त्व समजावावं लागत नाही. इथं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे. 'मांजरी मेडिका' हे रसाचं द्राक्ष इथलंच. तेव्हा टपरीवर कुणी खोकत खोकत म्हणालं, "रक्तातच आहे हो, आजोबा दिवसाला बिडीची दोन बंडलं संपवायचे," तर ते विज्ञानच वाटतं.

थोडंफार आहेही. एप्रिल २००८ मध्ये तीन संशोधन गटांनी एकदमच पंधराव्या गुणसूत्रावर बोट ठेवलं. तिथल्या 'सीएचआरएनए५' या जनुकात विशिष्ट बदल असला, की निकोटिन जास्त झाल्यावर मेंदूतून येणारं 'बास आता' क्षीण होतं. झुरके खोल जातात, सिगारेटी वाढतात. आई आणि वडील दोघांकडूनही हा बदल आला, तर ओढणाऱ्याला फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका सुमारे ८० टक्क्यांनी जास्त. मात्र कधीच न ओढणाऱ्यांत, पुढच्या मोठ्या अभ्यासांनुसार, हे जनुक गप्प बसतं. पाणी तोडल्यावर उसाचा वाण काय करतो, हे मांजरीकराला कोण सांगणार?

रक्ताची सबब जुनीच. संख्याशास्त्राचे महागुरू रोनाल्ड फिशर १९५०च्या दशकात म्हणत, सिगारेटला दोष कशाला, ओढण्याची ओढ आणि कर्करोग दोन्ही अनुवंशातूनच येत असतील. गुरुजी स्वतः पाइप ओढत आणि तंबाखू कंपन्यांच्या समितीला सल्ला देत. आमच्या टपरीवरचे विद्वान हेच फुकट सांगतात, उलट बिल स्वतः भरतात.

बरं, बदललेल्या जनुकाची एक प्रत दिवसाला किती सिगारेटी वाढवते? सरासरी एक! ती सुटी घ्यावी लागणार. सुट्या विक्रीवर राज्यानं सप्टेंबर २०२० मध्येच बंदी घातली. ती बातमी टपरीकडे बहुधा पायी निघाली आहे.

आता न ओढणाऱ्यांचं बघा. फेब्रुवारी २०२४ मध्ये शेजारच्या केशवनगरवर डासांचे वावटळीसारखे खांब उठले, मुळा-मुठेतल्या जलपर्णीच्या कृपेनं. मग दारं-खिडक्या लावायच्या आणि उशाशी कॉइल. एक कॉइल जळताना निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके असतात, असं २००३ मध्ये मोजलं गेलंय. मांजरी बुद्रुक २०२१ पासून पुणे महापालिकेत आहे, मिळकतकरही तिलाच. हिशेब असा: आजोबांकडून रोजची एक, नदीकाठाकडून शंभरेक. आणि मिळकतकराची पावती फक्त दुसऱ्याची मिळते.