उलटा जोडा

दारात कुरिअरवाला उभा राहिला की आमची आई दोन प्रश्न विचारते. पहिला, "कोनाचं आलं?" दुसरा, "पैसे देल्ले हायेत का द्याचे हायेत?" गेल्या आषाढात आलेल्या खोक्याचे पैसे भाच्यानं पुण्यातूनच भरले होते, त्यामुळे आई निर्धास्त झाली. खोकं आमच्याकडे येण्याआधी चांदूर रेल्वेला जाऊन आलं होतं, पण त्याचं कुणाला नवल नाही. चांदूर बाजारच्या माणसाची पत्रं, पाहुणे आणि पार्सलं आधी चांदूर रेल्वे पाहून येतात, हा इथला रिवाज आहे. आता नरखेडच्या मार्गावर आम्हालाही रेल्वे मिळाली, पण नाव त्यांनी आधीच घेऊन ठेवलंय.

खोक्यातून हातभर लांबीची, घडी घातलेली, काळ्या प्लॅस्टिकची एक वस्तू निघाली. घडी उलगडली. वर कपड्यांच्या हँगरला असते तशी आकडी, खाली दोन फाटे, आणि प्रत्येक फाट्याला गलोलीसारखं एक बेचकं. बायको म्हणाली, पायमोजे वाळवायचं असेल. सालदार म्हणाला, "भाऊ, हे त पाखरं पकडाचं दिसते." आईनं चष्मा लावून वस्तू न्याहाळली आणि म्हणाली, "वटवाघुळ हाये."

आईचा अंदाज सगळ्यांत जवळचा निघाला. भाच्याला फोन लावला. "मामा, ते गमबुटांचं हँगर आहे. बूट धुवायचे, उलटे करायचे, घोट्याची जागा बेचक्यात सरकवायची. पाऊल वर अडकतं, नळी खाली लोंबते. आतून छान कोरडे होतात. पावसाळा संपला की घडी घालून कपाटात ठेवून द्या."

या आहेरामागे इतिहास होता. आदल्या वर्षी श्रावणात हा भाचा आमच्याकडे आला, माझे गमबूट चढवून हौसेनं संत्र्याच्या बागेत गेला आणि पुढचे आठ दिवस पायाच्या बोटांच्या बेचक्यांत मलम भरत बसला. माझे बूट आतून कधीच वाळलेले नसतात, हे मी त्याला सांगितलं नव्हतं. मला ते सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं. पावसाळ्यात बूट ओले असायचेच, अशी माझी समजूत होती.

आमच्याकडे चिखलाला गारा म्हणतात. त्यामुळे "वावरात बम गारा हाये" असं ऐकलं की बाहेरगावचा माणूस आभाळाकडे बघतो. बघायचं असतं खाली. काळी माती पाणी पिऊन फुगते. तीच उन्हाळ्यात आकसून अशी भेगाळते की मूठ आत जावी. एकदा झड लागली, म्हणजे चार-आठ दिवस पाऊस थांबायचं नाव घेईना झाला, की वावरात माणूस दर पावलाला उंच होत जातो. पाच पावलांत दोन इंच. पंधरा पावलांत तो आपल्यापेक्षा उंच असलेल्या धाकट्या भावाच्या बरोबरीला येतो. आणि पंचविसाव्या पावलाला बूट तिथंच राहतो, नुसता पाय पुढं येतो. एका पायावर उभं राहून, मागं वळून, गाऱ्यातून आपलाच बूट उपसणारा माणूस ज्यानं पाहिला नाही, त्यानं वऱ्हाडातला पावसाळा पाहिला नाही.

अशा मुलखात गमबूट हा खरं तर गावदेवासारखा पुजायला हवा. पण त्याच्यात एक खोड आहे. रबर बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही आणि आतला घाम बाहेर जाऊ देत नाही. दिवसभर फिरून बूट काढला की आत एक वेगळाच पावसाळा चालू असतो. त्यात नळीवरून एखादी सर आत शिरली असेल तर विचारायलाच नको.

या बुटाचं आणि आमच्या मुलखाचं नातं फार जुनं आहे, हे मला उशिरा कळलं. इंग्रजीत या बुटाला वेलिंग्टन म्हणतात, वॉटर्लूवाल्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या नावावरून. हा गृहस्थ ड्यूक व्हायच्या आधी नुसता आर्थर वेलस्ली होता आणि १८०३ साली आमच्याच भागात फिरत होता. २९ नोव्हेंबरला त्यानं आडगावला नागपूरकर भोसल्यांची फौज हरवली, जखमी सैनिकांचा दवाखाना अचलपुरात थाटला, १५ डिसेंबरला गाविलगड घेतला आणि दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. गाविलगडासाठी त्याच्या फौजेनं अवजड तोफा सातपुड्याच्या घाटांतून ओढून नेल्या होत्या, वाटा फोडत फोडत. आमच्या गच्चीवरून आभाळ स्वच्छ असलं की उत्तरेला दिसतात, तेच हे डोंगर.

पुढं लंडनला गेल्यावर त्यानं होबी नावाच्या आपल्या चांभाराला घोडेस्वारीच्या जुन्या बुटात सुधारणा करायला सांगितली. तो सुधारलेला बूट म्हणजे वेलिंग्टन. ही सुधारणा त्याला आमच्या मातीनं सुचवली, असं म्हणायचा मोह मला फार होतो. पण अडचण अशी की तो आला हिवाळ्यात. तेव्हा जमीन खडखडीत असते आणि आमचा मुलूख पाहुण्याशी फार सभ्यपणे वागतो. हाच माणूस श्रावणात आला असता तर तोफांची चाकं गाऱ्यात रुतून बसली असती, गाविलगड निदान कार्तिकापर्यंत तरी टिकला असता, आणि बुटाची कल्पना त्याला लंडनऐवजी इथंच, एका पायावर उभं असताना सुचली असती.

तो बूटही कातड्याचा होता. १८५२ साली ड्यूक वारला, आणि दुसऱ्याच वर्षी हायरम हचिन्सन नावाच्या अमेरिकनानं फ्रान्समध्ये रबरी बुटांचा कारखाना काढला. लाकडी खडावांसारखे जोडे घालून शेतात राबणाऱ्या फ्रेंच शेतकऱ्याला पहिल्यांदा कोरडे पाय घेऊन घरी जाता येऊ लागलं. पहिल्या महायुद्धात पाण्यानं भरलेल्या खंदकांत सैनिकांचे पाय सडायला लागले, तेव्हा असे लाखो बूट आघाडीवर गेले. असा जगभर हिंडून बूट आमच्या गावी पोचला तो बराच उशिरा. यवतमाळकडे २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधेनं माणसं दगावली, तेव्हापासून औषधाच्या डब्यावरच्या चित्रातला बूट आम्ही जरा गंभीरपणे पाहायला लागलो. तरी सालदाराचं म्हणणं असं की, "भाऊ, चित्रातल्या मानसाले उकडत नसंन."

तर हँगर. बूट उलटाच का टांगायचा, याचं शास्त्र भाच्यानं समजावून सांगितलं. पाणी निथळतं, हे तर झालंच. पण ओल सुकते तेव्हा आजूबाजूची हवा गार होते. गार हवा जड, ती खाली बसते. बूट सुलटा ठेवला तर ती चवड्यात जाऊन मुक्काम करते. उलटा ठेवला तर खालच्या खाली निघून जाते आणि तिच्या जागी कोरडी हवा येते. शिवाय तोंड जमिनीपासून उंच आणि खाली वळलेलं, त्यामुळे विंचवाला आत घर करता येत नाही. आमच्याकडे बूट घालण्याआधी तो आपटायचा असतो, हे मूल चालायला लागलं की शिकतं.

सालदाराला मी ही सगळी माहिती दिली. त्याच्याकडे हँगर नव्हतं, म्हणून म्हटलं, निदान वर्तमानपत्राचे बोळे तरी रात्री बुटात कोंबत जा, ओल शोषतात. तो म्हणाला, "पेपर तुमच्याकडे येते, भाऊ. माह्याकडे कुटार हाये." तो कित्येक वर्षं रात्री बुटात सोयाबीनचं कुटार, म्हणजे भुसा, भरून सकाळी झटकून टाकतो. त्याचे बूट माझ्यापेक्षा कोरडे असतात, हे मला त्या दिवशी हात घालून पाहिल्यावर कळलं.

आणि खरं सांगायचं तर ओल्या पायांचं दुखणं काही माणसापुरतं नाही. संत्र्याच्या झाडाच्या बुडाशी पाणी साचलं की त्याचीही मुळं सडतात, खोडातून डिंक गळतो. त्याला आम्ही डिंक्या म्हणतो. म्हणून पावसाच्या आधी बागेत चर काढायचे, खोडाला मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मलम कमरेच्या उंचीपर्यंत फासायचं. पांढरे-निळे पायमोजे घालून ओळीनं उभी असलेली झाडं दिसतात छान. पण झाडाला उलटं टांगायची सोय नाही. त्याला जन्मभर त्याच गाऱ्यात उभं राहायचं असतं. त्या मानानं माझं बरं होतं.

ओसरीत तुळईला एक जुनी कडी आहे. पूर्वी तिथं कंदील लटकायचा. मी हँगर तिथं अडकवलं आणि बूट उलटे टांगले. त्याच दिवशी समोरचे शेजारी थांबले, वर बघून हळूच म्हणाले, "कोनाची नजर लागली का, भाऊ? बाग लदली वाट्टे यंदा." ट्रकच्या मागं जोडा लोंबतो, नव्या बांधकामावर काळा बूट टांगतात, तसंच हे असणार, हा त्यांचा हिशेब. मी गार हवेचं शास्त्र सांगायला लागलो. त्यांनी ते बागेचा आकडा लपवणाऱ्या माणसाचं बोलणं ऐकावं तसं ऐकून घेतलं. आठ दिवसांनी त्यांच्याही दारावर एक जुना बूट लोंबायला लागला. सुलटा.

पण खरा प्रश्न घरातच होता. पहिल्या दिवशी संध्याकाळी आईनं तुळईकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. "काहून रे, जोडे उलटे कायले टांगले?"

"वाळतात, आई."

"वाळतीन का नाई ते मले मालूम नाई. उलट्या जोड्यानं घरात भांडन होते."

"आई, तो पडलेला नाही. मुद्दाम टांगलाय."

"मंग त मुद्दाम भांडन होईन."

तिची दुसरी तक्रार अशी की पायातली वहाण पायातच बरी. ती डोक्याच्या वर चढवली म्हणजे घराची रीतच उलटी झाली. मी तिला आठवण करून दिली की भरतानं रामाच्या पादुका सिंहासनावर ठेवल्या होत्या. ती म्हणाली, "त्या रामाच्या होत्या. अन् सुलट्या होत्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी बूट भिंतीपाशी सुलटे ठेवलेले होते आणि आत ओलसर होते. मी रात्री पुन्हा उलटे टांगले. सकाळी पुन्हा सुलटे. पंच्याऐंशीच्या घरातली बाई स्टूल ओढून तुळईपर्यंत हात पोचवते म्हटल्यावर माझा जीव टांगणीला लागला. मी आवाज चढवला. तिनं जेवणाचं ताट बाजूला सारलं. बायको दोघांच्या मध्ये पडली आणि दोघांचंही ऐकून घेऊन दमली. भांडण होऊ नये म्हणून आई बूट सुलटे करत होती आणि त्यावरून आमचं रोज भांडण होत होतं. चौथ्या दिवशी ती शांतपणे म्हणाली, "पाह्य. सांगतलं होतं ना."

यावर शास्त्राकडे उत्तर नाही.

मला ठाऊक आहे ही भीती तिच्यात कुठून आली. माझ्या वडिलांची आणि काकांची वाटणी झाली त्या दिवशी अंगणात एक जोडा उलटा पडला होता. तो तिनं पाहिला होता आणि कामाच्या गडबडीत सरळ केला नव्हता. त्या दिवशी घरात पंच, सोयरे, भाऊबंद मिळून वीस-पंचवीस माणसं आली-गेली. एवढ्या वहाणांत एखादी उलटी पडणारच, हे मी तिला अनेकदा सांगितलंय. ती ऐकते. मग म्हणते, "पन म्या सरळा नाई केला."

झड ओसरल्यावर आई पंधरा दिवसांसाठी माझ्या बहिणीकडे मोर्शीला गेली. मी हँगर पुन्हा कडीला अडकवलं. तीन दिवसांत बूट आतून असे कोरडे झाले की हात घातल्यावर ते माझेच आहेत का अशी शंका आली. घरात शास्त्राचं राज्य आलं.

चौथ्या संध्याकाळी बागेच्या सौद्यासाठी सात-आठ जण येऊन बसले. व्यापाऱ्याशी घासाघीस झाली, चहा झाला, सगळे गेले. मी दार लावायला ओसरीत आलो. उंबऱ्यापाशी घरच्याच चपला चहूकडे फेकल्यासारख्या पडल्या होत्या. पोरांच्या, बायकोच्या, माझ्या. एक पालथी होती. इतकी वर्षं मी त्या उंबऱ्यातून येतोय-जातोय, पण तिथं चपलांचा असा पसारा कधी पाहिल्याचं आठवेना. मग ध्यानात आलं. रोज संध्याकाळी, दिवा लावायच्या आधी, आई वाकून सगळ्यांच्या वहाणा जोडीजोडीनं लावून ठेवते. घरच्यांच्या, पाहुण्यांच्या, सालदाराच्याही. पायातली वहाण पायातच बरी म्हणणारी ही बाई घरात एकटीच होती, जिच्या हातातून रोज सगळ्यांच्या वहाणा जात होत्या.

मी पालथी चप्पल सुलटी केली. एक केल्यावर बाकीच्या तशाच ठेवणं बरं दिसेना, म्हणून सगळ्या जोडीनं लावल्या. कंबर भरून आली. मग तुळईकडे पाहिलं.

रात्री मोर्शीहून फोन आला. जेवलास का, पाऊस हाये का, सौदा झाला का, हे सगळं विचारून झाल्यावर आई थोडी थांबली. मला पुढचा प्रश्न ठाऊक होता, म्हणून मीच सांगून टाकलं, "सुलटे आहेत, आई."

"म्या कुठं इचारलं," ती म्हणाली. पण आवाज हलका झाला होता.

हँगरची घडी घालायला मला अर्धा तास लागला. उघडताना जितकं सोपं होतं तितकंच ते मिटताना अवघड निघालं. सकाळी सालदार आला तेव्हा मी त्याला म्हटलं, "जरा घमेलंभर कुटार आणून ठेव बा माझ्यासाठी." त्यानं एकदा रिकाम्या कडीकडे पाहिलं, एकदा भिंतीपाशी सुलट्या उभ्या असलेल्या बुटांकडे पाहिलं, आणि काही न विचारता घमेलं उचललं.