सौं.ची गॅलरी, श्रीं.ची भिंत

आमच्या शहरातल्या एका कलावंत दांपत्याचे जाहीर अभिनंदन करणे आम्ही कर्तव्य समजतो. सौ. गॅलरी चालवतात, श्री. सार्वजनिक भिंती रंगवायची कंत्राटे घेतात. गॅलरीत पाटी आहे, ‘हात लावू नये.’ भिंतीवर आहे, ‘थुंकू नये.’ रसिकांची इतकी अचूक पारख दुर्मीळच.

२०१६ साली ‘स्वच्छ सर्वेक्षण’ सुरू झाले आणि भिंतींचे भाग्य उजळले. पूर्वी वारल्यांच्या लग्नघरी सवाशिणी कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहीत. आता निविदा उघडली की तेच चित्र प्लास्टिक पेंटने उमटते. मुहूर्त तेवढा बदलला. तारपा तोच, नाचणारे तेच. फेर मात्र कचराकुंडीभोवती.

रस्तारुंदीकरणात वड गेला, तर श्रीं.नी तिथेच भिंतीवर वड रंगवून दिला. पानगळ नाही, पक्ष्यांची घाण नाही, वटपौर्णिमेला सूत गुंडाळायचेही कष्ट नाहीत. महापालिकेने हेच धोरण पुढे न्यावे. कोरड्या नळांमागे धबधबा रंगवावा, बंद दवाखान्याच्या दारावर हसतमुख डॉक्टर.

यंदाच्या पावसात या वडाला तडा गेला आणि तड्यातून खराखुरा पिंपळ उगवला. कलाकृती विद्रूप होत असल्याने श्रीं.नी तो तातडीने उपटला.

तो सध्या सौं.च्या गॅलरीत काचेच्या पेटीत आहे. शीर्षक ‘अतिक्रमण’. हात लावू नये.